कुळथाचं कडू सार आणि अण्णांचं तूप

तूप बंद झालं त्या दिवशी आमच्या सासऱ्यांनी बोलणंही बंद केलं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, सासूबाईंना अक्का. कानडी मुलखात, मल्लेश्वरममधलं पिढ्यान्‌पिढ्यांचं मराठी घर. साठच्या दशकात मी बेळगावहून लग्न होऊन तिथं आले, तेव्हा ‘सरी’ आणि ‘स्वल्प’ हे कानडी बोलणं, मराठीत ‘बरं’ आणि ‘थोडं’ म्हणतात, हे त्या घरात कुणाला सांगूनही पटेना!

अण्णांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. शब्द तेव्हा इतका नवा, की अक्कांनी शेजारी जाऊन “ह्यांना कॉलरास्टोर झालाय” असं सांगितलं. पुढं कितीतरी दिवस आमच्याकडे कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही!

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. घरात एवढी शिकलेली सून असताना सासऱ्यांनी कोरडा भात गिळावा? मी एक सिद्धांत मांडला. डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे केले, तर ते आतड्यात कोलेस्टेरॉलला धरून ठेवतील आणि रक्तात शिरूच देणार नाहीत. (शास्त्रानं हे तेव्हा सिद्ध केलेलं नव्हतं. मी केलं होतं. मनातल्या मनात.)

तुकडे करायला कच्च्या पपईचा चीक उत्तम. परसात पपई होती, डब्यात कुळीथ होते. कुळीथ शिजवून, वाटून, त्यात चीक घालून मी पातेलं कोमट चुलीवर ठेवलं. दोन-तीन तासांत तुकडे झाले असावेत, कारण चाखल्यावर माझी जीभ टाळूला चिकटली. प्रथिनं तुटली की कडू होतात, हे पुस्तकात होतं. इतकी कडू होतात, हे नव्हतं!

तो रविवार होता आणि दुपारी अक्कांनी डॉक्टरांना जेवायला बोलावलं होतं. अण्णांनी निदान त्यांच्याशी तरी बोलावं, एवढाच हेतू. मी न्हायला गेले होते. अक्कांना चुलीवर कुळथाचं पाणी दिसलं. सुनेनं हुरळी सारूची, म्हणजे कुळथाच्या साराची, तयारी करून ठेवलीय, अशा कौतुकानं त्यांनी त्यात चिंच-गूळ घातला, कढीपत्त्याची फोडणी दिली आणि पानं वाढली.

डॉक्टरांनी पहिला घोट घेतला. त्यांचा चष्मा आपोआप कपाळावर गेला. पण माणूस सभ्य! एकदाचं संपवून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी वाटी एका दमात रिकामी केली.

“अय्यो, एवढं आवडलं?” अक्का हरखल्या. “अजून स्वल्प घ्या!”

“बेडा, अक्का, नको...” म्हणेपर्यंत वाटी काठोकाठ!

आमचे हे शेजारीच बसलेले. सार नव्या बायकोनं केलंय, अशा समजुतीनं बिचारे डोळे मिटून पीत होते. “छान झालंय,” असंही म्हणाले. (लग्नानंतर त्यांनी केलेली ही एकमेव स्तुती.)

तेवढ्यात न्हाऊन, पापड घेऊन मी बाहेर आले, वाट्यांत काय आहे ते पाहिलं आणि किंचाळले, “थांबा! ते माझ्या प्रयोगाचं आहे!”

सगळ्यांचे हात हवेत.

“कसला प्रयोग?” डॉक्टरांचा आवाज बारीक झाला.

मी सिद्धांत सांगितला. तुकडे, आतडं, कोलेस्टेरॉल, सगळं. आणि तेव्हा अण्णा बोलले!

“म्हणजे हे प्यालं की ते आत जात नाही?”

“नाही जात, अण्णा.”

“नक्की?”

आता डॉक्टरांसमोर माघार कशी घ्यायची? “अगदी नक्की!”

अण्णांनी आपली वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि अक्कांना म्हणाले, “अगं, तूप आण.”

“तूप? डॉक्टर समोर बसलेत!”

“बसू देत. सुनेनं दारावर पहारा बसवलाय. तूप आत शिरतंय कशाला?”

त्या दिवसापासून अण्णा पळीभर सार घेत आणि वाटीभर तूप! होळिगेवर, म्हणजे पुरणपोळीवर तूप, भातावर तूप, उप्पिटावरसुद्धा तूप. मी तरी अडवणार कोणत्या तोंडानं? उलट माझाच विश्वास इतका वाढला, की मीही दोन घोट सार घेऊन त्यांच्या बरोबरीनं तूप वाढून घेऊ लागले.

शेवटी डॉक्टर म्हणाले, “पुरे. रक्त पुन्हा तपासू.”

“नुसतं अण्णांचं तपासून काय कळणार?” मी शास्त्रीय मुद्दा काढला. “तुलनेला एक निरोगी माणूस हवा. माझं घ्या!”

तपासणी झाली. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ एकदा ह्या, एकदा त्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, “ह्यातला पेशंट कोण?”

अण्णांचं कोलेस्टेरॉल स्वल्प वाढलं होतं. माझं त्यांच्याही वर!

तूप दोघांचं बंद झालं. मी मान खाली घालून बसले होते. अण्णा उठले, टोपी घातली आणि मायेनं म्हणाले, “चल बाळ, फिरायला जाऊ. एकट्यानं कंटाळा येतो.”

मग आम्ही रोज सकाळी सँकी तळ्यापर्यंत जाऊ लागलो. अण्णा ताठ चालायचे. धाप लागून मधेच कट्ट्यावर बसायची ती मी! ओळखीचं कुणी भेटलं, की थांबून काळजीनं विचारायचं, “काय अण्णा, सुनेला बरं नाही का?”

“बरी आहे,” अण्णा शांतपणे सांगायचे. “शास्त्रज्ञ आहे ती.”