काकांची विणायची सुई

फोर्टात मोर्चावर गोळीबार झाला. माझा धाकटा भाऊ वसंता घरी आला नाही. तोपर्यंत आमच्या गिरगावातल्या चाळीत सगळ्यांची खात्री होती की जगात जे हरवतं ते शेजारचे काका विणायच्या सुईने शोधून काढतात.

काका एका वाचनालयात ग्रंथपाल होते. पुस्तकांना लावून उरलेली शिस्त ते घरी आणत आणि माणसांना लावत. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी चाळीतल्या प्रत्येकाचं कार्ड केलं होतं. कडेला भोकांची रांग, एकेक भोक एकेका गुणाचं: तबला वाजवतो, लसूण खात नाही, उसनं नेलेलं पुस्तक परत करतो. गुण असला की काका त्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीने काप देत. मग गड्डी हातात धरायची, हव्या त्या भोकातून काकूंची सुई घालायची आणि उचलून हलवायची. गुण असलेली कार्डं खाली पडत, बाकीची सुईला लटकून राहत. पडलेल्यांना पुढचा प्रश्न. आरतीला पेटी कोण वाजवणार, इथपासून सगळं सुई ठरवी. एकदा समोरच्या बाईंनी भाचीसाठी पदवीधर, निर्व्यसनी, एकटं राहणारं स्थळ विचारलं, तर तळमजल्यावरचे निवृत्त, विधुर पोस्टमास्तर पडले. बाई हादरल्या. काका शांतपणे म्हणाले, "वय तुम्ही विचारलं नव्हतं." पोस्टमास्तर मात्र पुढे आठवडाभर रोज दाढी करून जिन्यात उभे राहत.

गोळीबारानंतर शहरात संचारबंदी होती. जखमी निरनिराळ्या इस्पितळांत विखुरलेले, कित्येकांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत. स्वयंसेवकांनी खाटांवरच्या माणसांची वर्णनं कागदांवर लिहून आणली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांनी त्यांची कार्डं कापली आणि आमच्या खोलीत येऊन बसले. आई सांगत गेली. तरुण. सतरा कार्डं पडली. चष्मा. तीन पडली. डाव्या हातावर भाजल्याचा डाग. तिन्ही कार्डं सुईला लटकत राहिली.

"यात वसंता नाही, वहिनी," काका म्हणाले.

आई भिंतीला टेकून खाली बसली. तिने विचारलं, "भाऊजी, पळताना ज्याचा चष्मा पडला असेल, त्याचं तुमची सुई काय करते?"

काकांचा हात थांबला. कागदावर चष्मा लिहिलेला नसला की त्यांनी ते भोक तसंच सोडलं होतं. नसलेलं आणि न दिसलेलं, त्यांच्या कार्डावर दोन्ही एकच. इतकी वर्षं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी ती सतरा तरुणांची कार्डं गोळा केली, सुतळीने बांधली आणि संचारबंदी सैल होताच चालत निघाले.

परतले ते दिवेलागणीला. वसंता परळच्या इस्पितळात होता, अकराव्या कार्डावर. चष्मा नाही, डावा हात पट्ट्यांत. काकांनी हाक मारली तेव्हा त्याने डोळे उघडले. आई रडली आणि मग त्यांच्यावर रागावलीही, इतका उशीर का केलात म्हणून.

"आधीचे दहा जण होते ना," काका म्हणाले. "त्यांनाही कोणी शोधत असेल."

ज्याला बोलता येत होतं त्याला नाव आणि चाळ विचारून, भायखळा-लालबागेत निरोप देत ते आले होते.

पुढे काका न पाहिलेल्या गुणाच्या भोकाशी लाल पेन्सिलीने ठिपका देऊ लागले. माझ्या कार्डावर 'मोठ्याने हसतो' या भोकाशी असा ठिपका होता. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "अजून पाहिलं नाही. नाहीच, असं कसं म्हणू?"

गेल्या महिन्यात काका गेले. काकूंनी कार्डांचं खोकं मला दिलं. त्यात ती अकरा कार्डं वेगळी बांधलेली आहेत. नऊंच्या पाठीवर नावं आहेत. दोन कोरी आहेत.