आजी भिला नाही

खोब्रागडे बाईंना तीन वर्षांत मी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. एटापल्ली तालुक्यातली आमची शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. खुर्च्याही दोनच. एकीवर मी असायचो. दुसरीवर बाईंचा मोबाईल असायचा, मागे दोन पुस्तकांचा टेकू देऊन उभा केलेला, आणि बाई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत असायच्या. डबासुद्धा त्या उभ्यानंच खायच्या. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात कुणाची तरी वही. ‘‘बाई, बसा ना घटकाभर,’’ मी म्हणायचो.

‘‘बसली का डोकं बंद पडते जी माझं,’’ असं म्हणत त्या व्हरांड्यात निघून जायच्या.

त्या सिंदेवाहीकडच्या. मी आरमोरीचा. दोघांच्याही घरी एकच बोली, पण डी.एड.ला गेल्यापासून मी ‘मले’चं ‘मला’ केलं ते कायमचं. आईशी बोलतानाही ‘मला’च म्हणायचो. बाईंना पहिल्या दिवशी याचं फार नवल वाटलं. ‘‘तुम्ही पुण्याकडचे का जी?’’ त्यांनी विचारलं. आरमोरीचा आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी हजेरीपुस्तकात डोकं घातलं.

त्याच दिवशी त्यांनी कपाट उघडलं. आत शाळेचा टीव्ही होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला. ‘‘पोरं खराब करतील म्हणून ठेवलाय,’’ मी सांगितलं.

‘‘मंग भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ काऊन लिवलं?’’

दुसऱ्या सोमवारी टीव्ही भिंतीला लागला होता, आणि छतावरच्या सौर पॅनेलची तुटलेली तार बाईंनी स्वतः शिडीवर चढून जोडली होती. खाली शिडी धरून मी घाबराघुबरा झालो होतो.

आमची मुलं घरी माडिया बोलायची. मराठी त्यांना शाळेच्या दारातच भेटायची, तीही पुस्तकातली. मी धडा वाचायचो, मुलं माझ्यामागून एका सुरात म्हणायची. ऐकायला छान वाटायचं. वाचून झाल्यावर एखादा प्रश्न विचारला की वर्ग चिडीचूप. सहा वर्षं मी त्याला शिस्त समजत होतो. बाई आठवडाभर ते ऐकत माझ्या खोलीच्या दाराशी येरझाऱ्या घालत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, ‘‘गुरुजी, हे पोरं बोलून नाई राह्यले. तुमचा आवाज वापस करून राह्यले.’’

मग त्यांनी त्यांची पद्धत सुरू केली. प्रत्येक मुलानं आपल्या घरची, रानातली, काहीही एक गोष्ट ठरवायची. तिची सहा-सात चित्रं काढायची. बाई मोबाईलवर चित्रांचे फोटो घ्यायच्या, मग मूल खुर्चीपुढं उभं राहून एकेक चित्र पाहत गोष्ट सांगायचं. आधी माडियात, मग मराठीत. चित्र आणि आवाज जोडून बाई त्याची छोटी फिल्म करायच्या आणि शनिवारी टीव्हीवर लावायच्या. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा सगळ्या वर्गानं तोंडावर हात घेतले होते. पुढच्या शनिवारी, आधी कुणाची लावायची यावरून मारामारी झाली.

मला हे पटत नव्हतं. ‘‘बाई, हा मराठीचा तास आहे. त्यात माडिया कशाला?’’

‘‘पोट्ट्याले काही सांगावं तर वाटू द्या आधी. मराठी येते मागून, पायी पायी.’’

‘‘आणि चुका?’’

‘‘बोलन तवा चुकन ना जी! मुका पोट्टा कायले चुकते?’’ बाईंचं हे ठरलेलं उत्तर होतं. दिवसातून चारदा तरी ऐकावं लागायचं.

चौथीत जुरी नावाची मुलगी होती. नाल्यापलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, यायची. वर्गात तिचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची. बाईंनी तिला कधी ‘बोल’ म्हटलं नाही. रंगीत खडूंची पेटी तेवढी रोज तिच्यापुढं सरकवत राहिल्या. दिवाळीनंतर एक दिवस जुरीनं सात चित्रं आणून बाईंच्या हातात दिली आणि आपणहून मोबाईलपुढं जाऊन उभी राहिली.

‘‘माझा आजी पाण्यात गेला,’’ तिनं सुरुवात केली. आजी टोपली घेऊन मासे धरायला नदीत उतरते. टोपली उचलते तर आत साप. ‘‘आजी भिला नाही. आजी सापाला बोलला, तू चुकला, तुझा घर तिकडे.’’ आजी साप सोडून देते, रिकाम्या हातानं घरी येते आणि घरच्यांना सांगते, आज मासे झोपलेले होते. जुरीचा आवाज बारीक होता, पण एकदाही अडखळला नाही. माडियात बाईबाप्यांचा हिशोब मराठीसारखा नसतो, तेव्हा आजी ‘गेला’ काय आणि ‘गेली’ काय, तिला फरक पडत नव्हता. बाईंचे डोळे भरून आले. त्या आणखीच भराभरा फिरू लागल्या.

शाळेत नेटवर्क नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक टेकडी होती, तिच्यावर चढलं की एखादी काडी यायची. शाळा सुटल्यावर बाई धापा टाकत तिथं चढल्या आणि जुरीची फिल्म तालुक्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यांना ती सगळ्यांना दाखवायची होती, एवढंच.

मी तेव्हा एटापल्लीत पानटपरीवर उभा होतो. ग्रुपवर हसरे चेहरे पडायला लागले. कुणी लिहिलं, ‘आजी की आजोबा?’ कुणी लिहिलं, ‘मराठीचा खून.’ शेजारी उभे असलेले दोन शिक्षक मोबाईल पुढं करून हसत होते. मीही हसलो. आणि त्यांच्यासारखाच एक चेहरा टाकला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारा. सेकंदाचं काम.

कुणीतरी ती फिल्म आपल्या स्टेटसवर ठेवली. तिथून ती कुठं कुठं गेली कोण जाणे. जुरीचा चुलतभाऊ अहेरीला वसतिगृहात राहून शिकायचा. त्याच्या वर्गातली मुलं त्याला ‘माझा आजी’ म्हणून चिडवू लागली. तो पंडुमला, म्हणजे सणाला, टोल्यावर आला आणि सगळ्यांसमोर जुरीवर ओरडला. दुसऱ्या दिवसापासून जुरी शाळेत यायची बंद झाली.

पाचव्या दिवशी वर्गातल्या मुलांकडून बाईंना कारण कळलं. त्यांनी खडू तसाच फळ्याच्या कडेला ठेवला. ‘‘मी तिले इचारलंच नाई,’’ एवढंच म्हणाल्या. मग व्हरांड्यात, मग मैदानात, मग पुन्हा व्हरांड्यात. मधली सुट्टी झाली तरी डबा उघडला नाही. मी आपल्या खुर्चीवर बसून होतो, आणि मला त्या दिवशी ती खुर्ची टोचत होती. शाळा सुटली तशा त्या म्हणाल्या, ‘‘चाला, गुरुजी.’’ कुठं ते विचारायची गरज नव्हती.

नाल्याला गुडघाभर पाणी होतं. टोल्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जुरीची आजी अंगणात बांबूच्या कामट्या तासत होती. आम्हाला पाहताच जुरी धान साठवायच्या बांबूच्या मोठ्या ढोलीमागं जाऊन लपली. शेजारच्या घरांतली माणसं गोळा झाली. बाईंनी चपला काढल्या, ढोलीपुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘जुरी, चुकी माझी हाये. तुझी गोष्ट तुले न इचारता मी दुसऱ्याईले देली. माफ कर, बाई.’’

आजीनं काम न थांबवता दोन वाक्यं म्हटली. जुरीच्या वडिलांना मराठी येत होती. ते ओशाळून म्हणाले, ‘‘माय म्हणते, पोरगी तुमच्या बोलीत बोलला, तर तुम्ही हसले. आता बाई आमच्या बोलीत बोलून पाहू दे.’’

बाईंना माडियाचे शे-पन्नास शब्द येत असतील. एर म्हणजे पाणी, नार म्हणजे गाव, असे. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि मोबाईल ढोलीच्या कडेनं मागं सरकवला. ‘‘हे घे. तू रेकॉर्ड कर.’’ थोड्या वेळानं मोबाईल धरलेले दोन हात बाहेर आले. मग त्यामागून जुरी.

बाईंनी गोष्ट सांगितली ती स्वतःची. शब्द सापडला नाही की हातवारे, तेही जमलं नाही की मध्येच मराठी. बाई अठरा वर्षांच्या असताना नागपूरला शिकायला गेल्या. पहिल्याच दिवशी उभ्या राहून त्यांनी ‘मले येते’ म्हटलं, आणि सगळा वर्ग हसला. शिकवणाऱ्या मॅडमही हसल्या. त्यानंतर पूर्ण वर्षभर त्यांनी वर्गात तोंड उघडलं नाही. हे सगळं माडियात सांगताना त्या काय काय बोलून गेल्या, देव जाणे. एका ठिकाणी अख्खा टोला पोट धरून हसला. मागाहून कळलं, की ‘मी रडले’ म्हणायचं होतं तिथं ‘मी शिजले’ असं काहीसं म्हणाल्या होत्या. आजीनं तर कोयता खाली ठेवला. बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, ब्लाऊज घामानं भिजला होता, पण गोष्ट संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. आणि या सगळ्या वेळात एका जागेवरून हलल्याही नाहीत. शेवटी जुरी हसली. जोरात नाही. मोबाईल हलला तेवढाच.

परतताना बाई तडक टेकडीवर चढल्या. ती फिल्म त्यांनी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘ही माझी गोष्ट. माझ्या माडियावर टोला हसला, तुम्हीही हासा. पण जुरीची गोष्ट सगळ्यांनी काढून टाका.’ दोन दिवसांनी काहींनी नमस्काराचे हात टाकले. मी काहीच टाकलं नाही.

जुरी चार दिवसांनी शाळेत आली. बाईंनी वर्गात नवा नियम केला: गोष्ट बाहेर पाठवायची असेल तर ज्याची त्याला विचारायचं, आणि त्यानं ‘नाही’ म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही. जुरी वर्षभरात आणखी पाच गोष्टी बोलली. आता ती ‘आजी गेली’ म्हणू लागली होती. बाईंनी कधी सुधारलं नाही, ऐकून ऐकून तिचं तिनंच केलं. पण ‘‘पाठवू का वं?’’ असं विचारलं की पाचही वेळा तिनं मान हलवली. नाही. त्या पाच गोष्टी आमच्या वर्गाबाहेर कुणी ऐकल्या नाहीत.

पुढच्या वर्षी जुरी पाचवी पास होऊन आश्रमशाळेत गेली आणि उन्हाळ्यात बाईंच्या बदलीचा आदेश आला. सिंदेवाही तालुक्यातच, घराजवळ. सगळ्यांनी अभिनंदन केलं. बाई मात्र शेवटचा आठवडाभर वर्गातली चित्रं काढून बघायच्या, पुन्हा लावायच्या. निघायच्या दिवशी स्कुटीला पिशव्या बांधताना मी त्यांना दोरी धरून देत होतो. इतके दिवस लपवलेलं तेव्हा बाहेर पडलं.

‘‘बाई, जुरीच्या त्या फिल्मवर मीसुद्धा हसलो होतो.’’

‘‘मले माहीत हाये,’’ त्या गाठ मारता मारता म्हणाल्या. ‘‘ग्रुपवर नाव दिसते ना जी.’’

म्हणजे टोल्यावर नेलं तेव्हाही त्यांना माहीत होतं. माझ्या शेजारून नाला ओलांडताना माहीत होतं. दीड वर्ष त्या माझ्यासमोर उभ्यानं डबा खात होत्या आणि एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. ‘‘मग मला कधी म्हणाला नाहीत?’’ मी विचारलं.

‘‘मले कायले सांगता? जुरीले सांगतलं का?’’ त्यांनी स्कुटी सुरू केली. लाल मातीच्या रस्त्यावर त्या दिसेनाशा होईपर्यंत मी दोरीचा उरलेला तुकडा हातात धरून उभा होतो.

जुरीला सांगायला मला चार महिने लागले. दर रविवारी निघायचं ठरवायचो आणि काहीतरी काम काढायचो. बाईंच्या रिकाम्या खोलीत बसवत नव्हतं. आता माझ्याकडे आलेली त्यांच्या वर्गातली मुलं मी वाचलेलं माझ्यामागून म्हणत नव्हती, ‘‘आमची गोष्ट कधी?’’ म्हणून विचारत होती. एका रविवारी आश्रमशाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. जुरी आली. उंच झाली होती. गणवेशाची ओढणी सारखी करत तिनं नमस्कार केला. मी सगळं सांगितलं, पानटपरीपासून. माफी मागितली. काय बोलायचं ते मोटारसायकलवर पाठ करून आलो होतो, ते सगळं बोलून टाकलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग न अडखळता, बाईंच्याच बोलीत विचारलं, ‘‘काऊन हासले, गुरुजी?’’

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. ती वाट पाहत राहिली. रागानं नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आतून जेवणाची घंटा झाली, मुली तिला हाका मारू लागल्या. ‘‘आठवलं का सांगा,’’ असं म्हणून ती पळाली.

मोटारसायकल काढून मी रस्त्याला लागलो, पण पुढं जाववेना. नेटवर्क आल्याबरोबर बाईंना फोन लावला. पलीकडे त्या चालत असाव्यात, श्वास ऐकू येत होता. ‘‘सांगतलं?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘काय म्हणली?’’

मी तिचा प्रश्न सांगितला. बाईंचं चालणं थांबलं असावं; धाप ऐकू येईनाशी झाली. मला वाटलं, आता त्या ‘जाऊ द्या’ म्हणतील.

‘‘मंग?’’ त्या म्हणाल्या. ‘‘काऊन हासले होते जी?’’

मी गाडी साजाच्या झाडाखाली लावली. ‘‘मले...’’ म्हणून सुरुवात केली, आणि किती वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला ते माझ्या लक्षात आलं, तरी बोलत राहिलो.