घंटीवरचा स्पीड

आमच्या घरात टायपिंगचा स्पीड शब्दांवर मोजत नसत, घंट्यांवर मोजत.

बाबा दुर्ग स्टेशनवर पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. घंटीशिवाय गाडी हलत नाही, हा त्यांचा सिद्धांत! भिलाईत कारखाना उभा राहत होता, हापिसांना टायपिस्ट हवे होते. बाबांनी कुठूनसं जुनं मशीन आणलं आणि हुकूम सोडला, "पास झाली तं नोकरी, नाही तं नागपूरचं स्थळ!" (स्थळाचा फोटो मी पाहिला होता. त्याच संध्याकाळी सरावाला बसले.)

टायपिंग करताना ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते. आमच्या मशीनची, ओळ कुठे संपते ते ठरवणारी मार्जिनची खिट्टी मात्र गंजून अलीकडेच अडकलेली. दोन शब्द झाले की टिंग! असंच असतं, असं आम्हाला वाटलं. बाबा पलीकडे बसून घंट्या मोजत आणि शेजाऱ्यांना सांगत, "पोरगी मेल हाये मेल! पॅसेंजर नाही!"

माय वेगळ्याच कारणानं खूश. "पाऊण कागद कोराच राहते वं. मसाल्याच्या पुड्या बांधाले होते!"

परीक्षेत कारखान्याच्या साहेबांनी कोळशाच्या वॅगनींबद्दल पत्र टाइप करायला सांगितलं. मशीन नवंकोरं. पण सवय! दोन शब्द झाले की हात आपोआप ओळ बदलायचा. घंटी वाजणार कुठून? तिच्या जागेपर्यंत मी पोचतच नव्हते!

खिडकीबाहेर बाबा कासावीस. "बेबी, घंटी कावून नाही वाजून राहिली? गाडी थांबली काय वं?"

"चालून राहिली बाबा!"

"बिना घंटीची? मंग थांबव तिले!"

साहेबांनी कागद उचलला. वरपासून खालपर्यंत दोन-दोन शब्दांची उभी रांग! "मैंने चिट्ठी बोली थी, आपने तो कविता कर दी!"

सगळं हापीस हसलं. माझ्या डोळ्यांपुढे तो फोटो आला आणि मला रडूच फुटलं. "साहब, हमारे घर में घंटी बहुत बजती है!"

"घंटी का इतना शौक है? तो टेलिफोन पर बैठ जाइए!"

बसले. दिवसभर घंट्या! बाबा गल्लीभर सांगत सुटले, "म्हटलं नव्हतं, स्पीड वाढन म्हणून?"

नागपूरहून कुण्या ठेकेदाराच्या माणसाचा रोज ट्रंक कॉल यायचा. आवाज असा गोड, की त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा मी नाव-गाव न विचारताच हो म्हणून बसले.

लग्न ठरलं आवाजाशी. मांडवात येऊन उभा राहिला तो फोटो!