रुमालाखाली ठरलेला बालविभाग

आमच्या गावच्या वाचनालयाच्या अध्यक्षाने मला फसवलं, आणि माझाच गाळा वापरून गावातल्या पोरांना फसवलं. हे मी भर बाजारात सांगितलं, पोलिसांपुढे सांगितलं. आता लिहून ठेवतो.

मी हेडी आहे. एका बाजारात बैल घ्यायचा, दुसऱ्या बाजारात विकायचा, हा माझा धंदा. उमापूरपासून मांजरसुंब्याच्या पुढपर्यंत मला सगळे ओळखतात आणि माझ्याशी भाव करायला सहसा कोणी एकटं येत नाही. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. एका मरतुकड्या गोऱ्ह्यावर सुरुवात केली आणि एसटी स्टँडजवळ स्वतःचा गाळा बांधला.

याच वाचनालयाच्या पायऱ्यांवर लहानपणी माझा दात पडला. शेणाचे पाय घेऊन मी आत शिरलो होतो, टेबलावर वाघाचं चित्र दिसलं म्हणून. तेव्हाच्या ग्रंथपालाने कानाला धरून उचललं आणि पायऱ्यांवरून खाली फेकून दिलं. हे मोठ्या माणसांसाठी आहे, म्हणाला. मी रक्त त्याच्या दारात थुंकलो आणि घरी आलो. घरी परत मार बसला, कारण शर्ट फाटला होता.

त्यामुळे अध्यक्ष माझ्या दारी आला तेव्हा मला आतून बरं वाटलं. त्याला वाचनालयाचा वर्ग वाढवून घ्यायचा होता. वरचा वर्ग मिळाला की सरकारचं अनुदान वाढतं, पण त्यासाठी वेगळा बालविभाग दाखवावा लागणार होता आणि वाचनालयात जागा नव्हती. माझा गाळा रिकामा होता. मी सांगितलं, भाडं नको. वाढून येईल त्यातलं निम्मं दरवर्षी पोरांच्या पुस्तकांवर लागलं पाहिजे, गाळा रोज संध्याकाळी उघडा राहिला पाहिजे, आणि कुठल्याही पोरावर हात पडता कामा नये. तो थोडी घासाघीस करत राहिला. मग त्यानेच खांद्यावरचा रुमाल काढला आणि हातावर टाकला.

बैलाचा सौदा आमच्यात असाच होतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरून भाव सांगायचा. भोवती उभ्या असलेल्यांना काही दिसत नाही, कोणी तोंडाने बोलत नाही. बोट पेरापाशी वाकवून धरलं की निम्मं. अध्यक्षाने माझं बोट तसं धरलं, मी त्याचं धरलं, हात सुटले, सौदा झाला. कागद कावून केला न्हाई, असं आता मला शहाणी माणसं विचारतात. रुमालातला शब्द फिरवणाऱ्याला बाजारात कोणी बैलाच्या दाव्याला हात लावू देत नाही, यापेक्षा मोठा कागद मला माहीत नव्हता. पण अध्यक्षाने बैल कधीच विकून टाकले होते. त्याच्या दारात ट्रॅक्टर होता. बाजाराने त्याला वाळीत टाकलं तरी त्याचं काय अडणार होतं?

सरकारी तपासणीच्या दिवशी गाळा ओळखू येईना. बुटकी टेबलं, भिंतीवर चित्रं, फळीवर रंगीत पुस्तकं. शाळेतली पोरं रांगेने आणून बसवली होती. माझी मुलगीही होती, चौथीतली. विहिरीत पडलेल्या मुलीची आणि कासवाची गोष्ट ती वाचत होती आणि मला बघूनही तिने मान वर केली नाही. अधिकारी चहा पिऊन गेले आणि लगेच पुस्तकं गोळा व्हायला लागली. मुलीने पानाचा कोपरा दुमडला आणि पुस्तक परत दिलं.

दुसऱ्या दिवशी गाळ्याला अध्यक्षाचं कुलूप. मी विचारलं तर पुस्तकांवर शिक्के मारायचेत असं उत्तर आलं. मग नोंदी राहिल्यात असं कळलं. मग एक दिवस फटीतून पाहिलं तर आत अध्यक्षाच्या खताची पोती थप्पी लावून ठेवलेली. वर्ग वाढला होता, अनुदानही सुरू झालं होतं. मी भांडलो, शिव्या दिल्या. तो हसून म्हणाला की पाऊस संपू द्या, पोरं काय पळून जातात का. मुलगी रोज विचारायची, कासवाने त्या मुलीला बाहेर काढलं का? मी रोज सांगायचो, गाळा उघडला की बघू.

पुढच्या तपासणीला पोती बाहेर गेली, झाडलोट झाली आणि दारात टेम्पो लागला. तीच टेबलं, तशीच पुस्तकं. मुलगी सरळ फळीकडे गेली, पुस्तक काढलं, चाळलं आणि माझ्याकडे घेऊन आली.

"पप्पा, हे तेच हाय. माझा कोपरा तसाच हाय."

मला आधी कळलं नाही. बाहेर टेम्पोवाला तंबाखू मळत बसला होता, त्याला विचारलं. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. ही पुस्तकं आज इथे, उद्या दुसऱ्या गावाला, जिथे तपासणी तिथे. टेबलंसुद्धा. भाडं बरं मिळतं, म्हणाला.

मी आत वळलो तोवर अधिकाऱ्यांची गाडी निघून गेली होती आणि अध्यक्षाचा पुतण्या पोत्यात पुस्तकं कोंबत होता. माझी मुलगी पुस्तक सोडेना. थोडंच राहिलंय, एवढंच म्हणत होती. त्याने तिचा हात पिरगाळला. ती तरी सोडेना, तेव्हा त्याने तो हात दाराच्या चौकटीवर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. जनावराचं हाड मोडतं तसाच तो आवाज असतो.

माझ्या हातात बाजारची काठी होती. पहिला घाव मी त्याच्या तोंडावर घातला. तो टेबलावर पडला, टेबल मोडलं, मी तो पडल्यावरही मारत राहिलो. मागून कोणीतरी लोखंडी रॉड माझ्या डोक्यात घातला आणि रक्त डोळ्यांत उतरलं. पोरं किंचाळत खिडकीतून उड्या मारत होती. भिंतीवरची चित्रं फाटली, पुस्तकं पायाखाली आली, त्यांच्यावर माझं आणि त्या पुतण्याचं रक्त एकत्र सांडलं. अध्यक्ष दारात उभा होता. मी ओरडलो, शब्द दिलावता तू. त्याने आवाजही चढवला नाही.

"कोणता शब्द बे? साक्षीदार आण."

माझ्या डोक्याला टाके पडले आणि माझ्यावरच केस झाली: वाचनालयाच्या मालमत्तेची नासधूस आणि मारहाण. मुलगी पळताना पडली, असं वाचनालयाच्या कमिटीतल्या सगळ्यांनी सांगितलं. मी गाळ्याला माझं कुलूप ठोकलं. बालविभाग नाही तर वाढलेला वर्ग नाही, वर्ग नाही तर अनुदान नाही, हे अध्यक्षाला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

म्हणून तो बाजारात आला. भर गर्दीत, बैलांच्या मधून वाट काढत, हसत. हातावर रुमाल टाकून म्हणाला, झालं ते झालं, हात दे. मी हात दिला. रुमालाखाली तो गाळ्याचं भाडं सांगायला लागला, एकेक बोट धरून, जसा काही माझ्या पोरीच्या हाताचा भाव करतोय. मी त्याचं बोट पकडलं आणि पेरापाशी वाकवलं.

"हे काय ठरलंवतं, सांग."

"बैलाचा बाजार हाय. बैलाचं बोल."

मी वाकवत राहिलो. तो हसायचा थांबला, मग घामेजला, मग बोट मोडलं आणि तो गुडघ्यांवर शेणात बसला. मी रुमाल ओढून टाकला. त्याचं बोट माझ्या मुठीत होतं, आणि ते तसं धरल्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "अध्यक्ष, निम्मं ठरलंवतं व्हय?" कोणी हसलं नाही.

ती माझ्यावरची दुसरी केस. दोन्ही मी भोगीन, त्याची मला भीती नाही. मुलीचा हात वाकडा जुळलाय, पाटी-दप्तर डाव्या हाताने उचलते. पुस्तक टेम्पोतून गेलं ते गेलंच. ती आता कासवाचं विचारत नाही.

तुमचं बोट आता बरं झालं असेल, अध्यक्ष. बाजाराच्या दिवशी या, रुमाल घरी ठेवून या. पोरांच्या वाट्याचं निम्मं कुठे गेलं ते सगळ्यांसमोर तोंडाने सांगा. जे अधिकारी दोन्ही वेळा तीच पुस्तकं बघून चहा पिऊन गेले, त्यांनाही सोबत आणा. आणि माझी मुलगी तिथे उभी असेल. तिचा हात कोणी मोडला, ते तिच्याकडे बघून सांगा.