नाव, जन्मतारीख आणि चंद्रामावशी

हॉस्पिटलात जे घडतं त्यातलं थोडं रजिस्टरमध्ये जातं आणि उरलेलं चहाच्या वेळी उंडा-पावाबरोबर संपवलं जातं. परदेशात नर्सिंग शिकून मी डिचोली तालुक्यातल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात रुजू झाले, तेव्हाच ठरवलं होतं की रुग्णसुरक्षा म्हणजे काय ते यांना दाखवूनच सोडायचं. वर्ष झालं. रजिस्टर जवळजवळ कोरं आहे. चहाला मात्र मी पोचायच्या आत माझाच किस्सा सुरू झालेला असतो.

*

गोळी देण्याआधी रुग्णाला पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची, हा माझा पहिला नियम. पहिलेच भेटले मुळगावचे विठूआजोबा, आमचे शेजारी. मी गंभीरपणे म्हटलं, "आपलं पूर्ण नाव सांगा."

आजोबांनी पलीकडच्या खाटेकडे मान वळवली. "ह्या चेडवाच्या बारशाक मी जेवलंय. इतक्या लांब शिकूक धाडल्यानी, आणि आता शेजाऱ्याचा नाव विचारता."

जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती. मोठा पूर आला त्या वर्षाची लिही, म्हणाले. नियम म्हणजे नियम. मी लिहिली.

*

पडण्याचा धोका असलेल्या रुग्णाच्या मनगटावर मी पिवळी पट्टी बांधते, म्हणजे त्याला एकट्याने उठू द्यायचं नाही हे स्टाफला कळतं. चोपड्याच्या एक काकी लेकीकडे आल्या असता घसरून आमच्याकडे दाखल झाल्या. घरी जायच्या दिवशी मी कात्री घेऊन गेले, तर त्यांनी हात पाठीमागे लपवला. म्हणाल्या, पट्टी होती तोवर आपण पडलो नाही. आता काढली आणि पडलो तर तू येणार का उचलायला?

दुसऱ्या दिवशी त्यांची जाऊ नवऱ्यासाठी पट्टी मागायला हजर.

"माझ्या घोवाक एक दी गो. तो रोज संध्याकाळी पडता."

*

मग मी डेलिगेशनवर लेक्चर घेतलं. काम सोपवता येतं, जबाबदारी सोपवता येत नाही, असं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. लगेच, लकवा झालेल्या एका आजोबांची दर दोन तासांनी कूस बदलायचं काम आमच्या वॉर्ड अटेंडंट चंद्रामावशींवर सोपवलं. मावशींनी ते आजोबांच्या बायकोवर सोपवलं, तिने सुनेवर, आणि सुनेने घरी जाताना शेजारच्या खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये टांगून पडलेल्या एका पंचायत सदस्यावर. त्याने मोबाइलवर अलार्म लावला. दर दोन तासांनी तो अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगायचा, "कूस बदला!" आणि जो जवळ असेल तो धावायचा.

पडून पडून होणारी एकही जखम आजोबांच्या पाठीवर झाली नाही. तरी मी मावशींना तावातावाने विचारलं, यात जबाबदारी कोणाची?

"तुझी. फळ्यार तूच लिवलंस मगे."

*

दामूदादा सुर्ल्याचे, खनिजाचा ट्रक चालवणारे. पोटात दुखतं म्हणून दाखल झाले; सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण जेवत नव्हते, झोपत नव्हते. मनाचे डॉक्टर आमच्याकडे गुरुवारी येतात आणि तो सोमवार होता. बायको, शोभावहिनी, आधी देवाला कौल लावते म्हणाल्या.

मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं, विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही, हे मी शिकून आले होते. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, विचार, पण निदान जेवलात का ते आधी विचार. मी पडदा ओढला, फॉर्म मांडीवर घेतला आणि थेट विचारलं. दामूदादा पंख्याकडे बघत 'नाही' म्हणाले. मी 'नाही'समोर टिक केली आणि स्वतःवर खूश होत बाहेर आले.

दारात चंद्रामावशी रुमालाची पुरचुंडी घेऊन उभ्या. आत दामूदादांचं मनगटी घड्याळ. दोन दिवसांनी बायकोला द्या, असं सांगून त्यांनी ते मावशींकडे दिलं होतं.

"'नाय' तो तुका नाय म्हणालो गो बाय," मावशी हळूच म्हणाल्या. "तुझ्या कागदाक म्हणालो."

मी फोनकडे धावले. डॉक्टरांना फोन केला. ते गुरुवारची वाट न बघता संध्याकाळीच येतो म्हणाले. तोवर एक क्षणही एकटं सोडू नका. आम्ही पट्टा, ब्लेड सगळं उचललं. शोभावहिनींनी कौल राहू दे म्हटलं आणि खाटेचा कठडा धरून बसल्या. दुसरी नर्स नव्हती, म्हणून मी मावशींना खाटेशी बसवलं आणि बजावलं, की दामूदादांचे हात सतत तुमच्या नजरेसमोर हवेत.

तासाभराने बघते तर दामूदादा ड्रेसिंगच्या गॉजच्या घड्या घालतायत. रुग्णाकडून स्टाफचं काम? मी तोंड उघडलं, तर मावशींनी नुसतं त्यांच्या हातांकडे बोट दाखवलं. डॉक्टर आले तोवर दामूदादा मावशींना ऐकवत होते, की तुमच्या घड्यांचे कोपरे वाकडे येतात.

*

दामूदादा पूर्ण बरे झाले, असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत, दर गुरुवारी यावं लागतं. जरा बरं वाटलं की अर्धे लोक येणं सोडतात. मी फोन करून दमते. दामूदादांना मला कधीच फोन करावा लागला नाही. डॉक्टरांकडून निघाले की ते मावशींकडे जाऊन घड्याळ मागतात. मावशी सांगतात, आज घरी विसरले, पुढच्या गुरुवारी आणते. घड्याळ मावशींच्या खिशात असतं. टिकटिक मलासुद्धा ऐकू येते.

गेल्या गुरुवारी मावशी रजेवर होत्या. आदल्या दिवशी घड्याळ माझ्या हातावर ठेवून, काही न सांगता निघून गेल्या होत्या. दामूदादा आले, डॉक्टरांना भेटले, मग वॉर्डात डोकावले. मी घड्याळ पुढे केलं. "दादा, घ्या तुमचं."

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, चावी दिली आणि पुन्हा माझ्या हातात ठेवलं.

"तुझ्याकडसून नको. मावशी येऊ दे. पुढच्या गुरुवारी येतंय मी."