रुपेशच्या आवडीचा टाको

निड्डा नदीच्या काठी रुपेशचं दहाव्याचं पान ठेवलं, आणि कावळ्याच्या आधी आली बदकं. इथली ती दांडगी, डोळ्यात काजळ घातल्यासारखी. सरळ भातातच चोची घालायला लागली. लीलानं पदर झटकून हाकलली तरी हलेनात मेली.

लीला रुपेशची थोरली बहीण. आई लवकर गेली, तर शहाद्याला हिनंच भाकऱ्या थापून त्याला वाढवला, इंजिनियर केला. तो इकडं जर्मनीत, एश्बॉर्नला नोकरीला आला, सुकन्याशी लग्न झालं, सिया झाली. आणि मागच्या आठवड्यात ऑफिसात बसल्या बसल्या गेला. लीला विमानातून उतरली तोवर तोंड बघायची वेळपण टळून गेली होती.

कावळे झाडावर बसले होते. खाली एक येत नव्हता. छोटी सिया मागं उभी राहून पाण्यात खडे मारत होती.

"रुप्या, सियाचं मी बघीन रे," लीला हात जोडून म्हणली. "सुकन्याला एकटं नाही पडू देणार. घे बाबा, शिव आणि सुखानं जा."

नाही शिवला.

सुकन्या रडून रडून थकलेली. "अहो ताई, गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावला तरी चालतं."

"दर्भाचा? माझा भाऊ उपाशी नाही जायचा! काय खावंसं वाटायचं गं त्याला?"

सुकन्याच्या आधी सियाच बोलली. पोरीला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र जर्मनमधे. "टाकोस. येडन झाम्सटाग."

"दर शनिवारी," सुकन्यानं सांगितलं. "बापलेक एस-बानच्या लोकलनं फ्रँकफुर्टला जायचे, चांगला टाको शोधायला. मी म्हणायचे, अरे घरी करते की. तर म्हणायचा, तुझ्या पुण्याच्या हाताला नाही जमायचं ते."

मग काय, लीला निघाली सियाचं बोट धरून. भाषा येत नाही, गाव माहीत नाही, पोरगी नेईल तिकडं.

पहिलं हॉटेल लागलं ते झुंबरांचं. लीला आत शिरायला लागली तर सियानं मागं ओढलं, खुर्च्यांकडं बोट केलं आणि नाक मुरडलं. पापाचा नियम. जिथं बसायला खुर्ची, तिथला टाको खोटा. पुढच्या ठिकाणी मैद्याची पांढरी पोळी. तीपण नापास. उभ्यानं खायचा, आणि लिंबाचा रस कोपरापर्यंत ओघळला पाहिजे, हे सियानं स्वतःच्या कोपरावर बोट फिरवून दाखवलं. लीलाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

शेवटी ट्रामच्या रस्त्याला एक टाकोची गाडी दिसली. आतली बाई पिठाचा गोळा लोखंडी साच्यात दाबून तव्यावर टाकत होती. सियाला बघून तिनं तोंडभर हसून विचारलं, "व्हो इस्ट पापा?" पापा कुठाय म्हणून.

सिया खाली बघायला लागली. लीलानं नुसतं वर बोट केलं. बाईचा हात तव्यावरच थांबला.

आणि तेवढ्यात वास आला. मक्याच्या भाकरीचा. वर हिरवी चटणी, ठेच्यासारखी.

"हे शोधत फिरत होतास होय रे," लीला पुटपुटली. "मला सांगायचंस. आले असते की थापायला."

बाईनं मशरूमचा टाको बांधून दिला, वर दोन लिंबं. त्याचा तसाच असायचा.

दोघी परत नदीवर आल्या, सुकन्या तिथंच थांबलेली. पान मांडलं. लीला मागं सरते न सरते तोच झाडावरून एक कावळा खाली उतरला, तिरका चालत पानाजवळ आला.

"नाईन! वेक!" सिया किंचाळत कावळ्याला हाकलायला धावली. खडा मारला, दुसरा मारला. कावळा उडाला.

"सिया! अगं काय करतेस?" सुकन्या ओरडली.

लीलानं पोरीला पोटाशी धरलं. जॅकेटचे दोन्ही खिसे टोचले तिला. खड्यांनी भरलेले. म्हणजे सकाळीपण पाण्यात नव्हती मारत.

"पापा वेक," सिया हुंदके देत होती, आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली. "शिवला की पापा जाणार. तू म्हणली. तू जा म्हणली त्याला."

लीला खालीच बसली गवतात. मग तिनं पानावरचा टाको उचलला.

"अहो ताई! ते पानावरचं आहे, खायचं नसतं!"

"माहितीये मला."

अर्धा तोडून सियाला दिला, अर्धा स्वतःच्या तोंडात घातला. कावळा फांदीवरून ओरडत राहिला, आणि लिंबाचा रस दोघींच्या कोपरापर्यंत ओघळला.