पावडरच्या डब्याचा टँकर

खंडेनवमीची सकाळ होती. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या वस्तीत त्या दिवशी पाण्याच्या टँकरची पाळी नव्हती, म्हणून हेमा जरा सावकाशीनं उठली होती. टँकर यायचा असला की बाईचे हातपाय तिचे स्वतःचे राहत नाहीत. आज ते तिचे होते. चहा झाला, रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा झाला, आणि पूजेसाठी तिनं विळी, अडकित्ता, शिवणाची कात्री आणि नवऱ्याची पट्टी-कंपास पाटावर ओळीनं मांडली.

“अहो, तुमचं ते ब्लेडही द्या. या घरात माझ्याखालोखाल तेच राबतं.”

“देतो,” खिडकीपाशी पाठमोरा बसलेला कुंडलिक म्हणाला. पण दिलं नाही.

पूजेच्या दिवशी हत्यार चालवू नये हे त्याला माहीत होतं. तरी तो चालवत होता. त्याच्यापुढे वीतभर लांबीचा प्लास्टिकचा पाण्याचा टँकर आडवा पडला होता, आणि त्याच्या पोटाखालचा तांदळाच्या दाण्याएवढा नळ तो ब्लेडनं कापत होता. हा नळ त्यानंच बसवला होता, श्वास रोखून. काढतानाही श्वास रोखलाच होता. नळ टिक् करून खाली पडला आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली.

हेमानं दार उघडलं. “काळुरामभाऊ,” एवढंच म्हणाली, आणि वळून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

कुंडलिकनं हाताला लागलं ते वर्तमानपत्र टँकरवर टाकलं. पेपराखाली काय आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं.

दारात काळुराम मढवी उभा होता, हातात झेंडूच्या फुलांची पिशवी घेऊन. सहा वर्षं याच माणसानं त्या वस्तीला पाणी आणून घातलं होतं. आणि याच माणसाची गाठ पडू नये म्हणून कुंडलिक गेला महिनाभर स्टेशनवरून लांबच्या वाटेनं घरी येत होता.

तसा कुंडलिक सावळे सरळ माणूस. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ट्रेसर होता. साहेबानं पेन्सिलीनं काढलेली रेघ शाईनं गिरवायची आणि केसाचाही फरक होऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. चौऱ्याऐंशी साली हेमाचा भाऊ आनंदा मस्कतहून रजेवर आला. बहिणीला साडी, भाचीला बाहुली आणि भावोजींना एक खोका घेऊन आला. खोक्यावर लाल शर्यतीच्या गाडीचं झकास चित्र, पण आत गाडीच नाही. चौकटींना चिकटलेले प्लास्टिकचे शंभरेक तुकडे, चिकटवायची एक ट्यूब आणि जपानी भाषेतला एक कागद.

“मोडलीच की ही वाटेत,” हेमा म्हणाली.

“मोडली नाही. जोडायची आहे,” कुंडलिक म्हणाला. त्याची पुढची दहा वर्षं त्या जोडण्यात गेली.

नेलकटरनं तुकडे सोडवायचे, पॉलिशपेपरनं घासायचे, चिमट्यानं जागी बसवायचे आणि सुकेपर्यंत घरात कुणाला पंखा लावू द्यायचा नाही. आनंदा दर रजेला एक खोका आणायचा. शोकेसमध्ये पाच गाड्या झाल्या. पाहुणे विचारायचे, “शकूची खेळणी वाटतं?” आणि शकू, त्यांची एकुलती एक मुलगी, खणखणीत आवाजात सांगायची, “नाही, बाबांची.” मग कुंडलिक मान खाली घालून म्हणायचा, “ऑफिसची मॉडेलं आहेत ती.” चाळिशीला आलेला बाप्या घरी गाड्या जोडत बसतो, हे कबूल करायची त्याला लाज वाटायची. लाज म्हणजे काय ते त्याला अजून कळायचं होतं.

हळूहळू शर्यतीच्या गाड्यांचा त्याला कंटाळा आला. एका खोक्यात कंपनीचं कार्ड निघालं. यापुढे कोणती गाडी काढावी, ते गिऱ्हाइकानं कळवायचं होतं. ट्रेसरनं ते कार्ड दोन रविवार खर्चून भरलं. दुधाचा टेम्पो, कचऱ्याची गाडी आणि पाण्याचा टँकर, असं लिहिलं, शेजारी टँकरचं नखाएवढं चित्र काढलं आणि परदेशाचं तिकीट लावून पाठवून दिलं. सात महिन्यांनी आभाराचं छापील पत्र आणि नवा कॅटलॉग आला. कॅटलॉगात बत्तीस गाड्या होत्या. त्यातल्या एकीनं तरी कधी कुणाच्या दारात काही आणून पोचवलं असेल, असं वाटत नव्हतं.

“भावोजी, लोक उघड्या टपाची गाडी मागतात,” आनंदा म्हणाला. “टँकर कोण मागतो?”

“दिव्याला राहायला ये, म्हणजे मागशील.”

शेवटी त्यानं तो आपणच करायचा ठरवला. आनंदानं आणलेला एक अमेरिकन ट्रक तोडून त्यानं चाकं आणि सांगाडा घेतला. टाकी कशाची करावी यात आठ दिवस गेले. एका सकाळी हेमा तोंडाला पावडर लावत होती आणि हा तिच्याकडे टक लावून बघत राहिला. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर नवरा असा बघतोय म्हणून ती जरा लाजलीसुद्धा.

“हा डबा लंबगोल आहे,” कुंडलिक म्हणाला. “टँकरची टाकी अश्शीच असते.”

डबा त्याच्या टेबलावर गेला, पावडर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गेली, आणि पुढे महिनाभर आपल्या अंगाला हिंगाचा वास येत होता, असं हेमा सगळ्यांना सांगायची.

मापांसाठी खरा टँकर हवा होता. तो कंत्राटदार परशुरामशेठच्या मालकीचा. पण वस्ती त्याला काळुरामचा टँकर म्हणायची, कारण तो चालवायचा काळुराम. जवळच्याच गावचा आगरी, पन्नाशीचा. बापाची हाडं मिठागरात झिजली, याची स्टिअरिंगमागे. टेप घेऊन चाकाशी ओणवा झालेला कुंडलिक पाहून तो वरून म्हणाला, “काय रं भावा, गारीला झबला शिवतंस का?”

कारण कळल्यावर मात्र तो हसला नाही. “कर,” म्हणाला. “पन बरोबर कर.” आणि स्वतः त्याला गाडीखाली घेऊन गेला.

तिथं त्यानं तो नळ दाखवला. टँकरचा मुख्य नळ टाकीच्या तळापासून चार बोटं वर असतो. धार बंद झाली की लोक म्हणतात टँकर संपला. पण सात-आठ हंडे पाणी आत तसंच राहतं आणि डुचमळत परत जातं. काळुरामनं तळाला अर्ध्या इंचाचा नळ आपल्या हातानं बसवून घेतला होता. रांग मोडली, भांडणं निवली, की गाडी नाल्यापलीकडे घटकाभर थांबायची आणि जनाबाईचे दोन हंडे भरायचे. जनाबाई सत्तरीची, एकटी, गुडघ्यांनी अधू. रांगेत तिचा नंबर लागेपर्यंत टँकर संपलेला असायचा.

“पैसा नाय घेत तिच्याकरना,” काळुराम म्हणाला. “उरलेला पानी हाय. पन तू कोनाला बोलू नको.”

“नाही बोलणार,” कुंडलिक म्हणाला.

बोलला नाही. पण काम बरोबर करायचं म्हणजे नळ हवाच. जुन्या मनगटी घड्याळाच्या चावीचा नळ झाला. तो बसवल्यावर, नुसता नळ कशाला, म्हणून एम-सीलची एक कमरेत वाकलेली म्हातारी झाली, हिरव्या लुगड्यातली, हंड्याच्या जागी पितळी मणी घेऊन.

भाद्रपदात वस्तीतल्या मंडळानं गणपतीपुढे पाणी वाचवण्याचा देखावा करायचा ठरवला आणि कुंडलिककडे टँकर मागितला. त्यानं अकरा बायांची रांग केली, चाकाखाली झोपलेला कुत्रा केला. लोक वाकवाकून बघून जात होते. गाडीच्या पोटाखाली कुणाचं लक्ष जात नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारच्या आरतीला परशुरामशेठ आले. छोट्या टँकरच्या दारावर रंगवलेलं आपलंच नाव बघून खूश झाले. चष्मा लावून खाली बसले.

“वा, सावळे. एक स्क्रू सोडला नाहीत. पण इथं चुकलात हो. आमच्या गाडीला असा नळ नाही.”

“हो, चुकलंच,” एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण वीस वर्षांच्या नोकरीत कुंडलिकच्या कामात कुणी चूक काढली नव्हती, आणि भोवती चाळीस माणसं उभी होती.

“चूक नाही, शेठ. नळ आहे. डाव्या अंगाला, तळाशी, अर्ध्या इंचाचा. काळुरामनं स्वतः बसवलाय. मी टेप लावून माप घेतलंय.” आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून बोट दाखवून पुढे म्हणाला, “ही जनाबाई. शेवटी हिचे हंडे भरतात, ते याच्यावर.”

आरतीला जमलेल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेठ मात्र हसले. “मग मीच चुकलो म्हणायचं.” त्यांनी कुंडलिकची पाठ थोपटली. “दसऱ्याला नव्या ऑफिसचं उद्घाटन आहे. हा टँकर माझ्या टेबलावर हवा.”

“हो, देतो की,” कुंडलिक म्हणाला. तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला होता. पुढे ते सगळं आठवलं की त्याला सर्वांत जास्त लाज वाटायची ती त्या आनंदाची.

पुढच्या पाळीला गाडीवर दुसराच ड्रायव्हर होता. तळाच्या नळावर वेल्डिंगची पट्टी बसली होती. काळुराम चोरून पाणी विकायचा, असं बोलणं वस्तीत आठ दिवसांत पक्कं झालं. बाया जनाबाईच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणू लागल्या, “आम्ही इथं डोकी फोडून घेतो, आणि काही जणींना मागच्या दारानं.” म्हातारीनं दार लावून घ्यायला सुरुवात केली. हेमा त्यानंतर दर पाळीला आपल्यातला एक हंडा तिच्याकडे पोचवत होती. नवऱ्याला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

काळुरामकडे जायचं तो रोज ठरवायचा. आज उशीर झाला, उद्या रविवार, परवा त्याच्या घरी पाहुणे असतील. दसरा उद्यावर आला तेव्हा त्यानं ब्लेड हातात घेतलं. शेठच्या टेबलावर निदान तो नळ तरी नको, एवढंच त्याला सुचलं.

काळुराम आत आला. खुर्ची पुढे केली तरी पाटाशेजारी फरशीवरच टेकला आणि फुलांची पिशवी हेमापुढे सरकवली. “वैनी, ही घ्या. दर साली गारीला हार करतंय, तशी सवयीनं आनली बाजारातना. मंग आठवला, गारी कुठं हाय आपली.”

हेमानं पाण्याचा तांब्या ठेवला. “चहा टाकते,” म्हणून आत गेली. पण स्टोव्हचा आवाज काही आला नाही.

“काळूदादा,” कुंडलिक म्हणाला, “त्या दिवशी मांडवात मी...”

“म्हाईत हाय मना. शेठनीच सांगितला. हसत सांगितला.”

“मी यायला हवं होतं तुमच्याकडे.”

“व्हय. वाट बघली मी. पयले आठ दिस बघली. मंग बोललो, कामात असंल.”

शिवी दिली असती तरी चाललं असतं. ते ‘कामात असंल’ कुंडलिकला खाली बघायला लावून गेलं.

“उद्या मी शेठना सांगतो,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर. पाणी उरलेलं होतं, म्हातारीला फुकट देत होतात, एक पैसा घेतला नाहीत.”

“सांग. त्यो तर तुला सांगायचाच हाय. त्ये मागायला नाय आलो मी.” काळुरामनं तांब्या वर धरला, धारेनं पाणी प्यायला, मिशा पुसल्या. “गारी आता नाय भेटायची. नवा पोरगा बसलाय तिच्यावर. बायकापोरांचा हाय. त्याला उठवून मी बसू?”

मग त्यानं हात लांब करून वर्तमानपत्र स्वतःच उचललं. टँकर हातात घेतला, तव्यावरची भाकर उचलावी तसा, बोटांच्या टोकांनी. चाकं फिरवून पाहिली. उलटा केला. पोटाखाली जिथं नळ होता तिथं पांढरा ओरखडा होता.

“नल कापलास.”

“हो.”

“कवा?”

“आत्ताच. तुम्ही कडी वाजवलीत तेव्हा.”

काळुराम हसेल असं क्षणभर वाटलं, पण तो हसला नाही. टँकर सरळ करून त्यानं खिडकीच्या उजेडात धरला आणि एक डोळा मिटून केबिनच्या काचेतून आत बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला. त्याला काय दिसतंय ते कुंडलिकला बघायची गरज नव्हती. रेक्झिनची सीट, बांगडीच्या काचेचं स्टिअरिंग, आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची, काडीच्या गुलाएवढा एकवीरा आईचा फोटो. आणि सीटवर कुणी नव्हतं. टेप लावून, श्वास रोखून, केसाचा फरक न होऊ देता त्यानं सगळं केलं होतं, आणि गाडी कोण चालवतं हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

“रांग केलीस,” काळुराम हळू म्हणाला. “म्हातारी केलीस. कुत्रा पन केलास. आईचा फोटू लावलास.”



काळुरामनं टँकर पाटावर ठेवला, विळी आणि कात्रीच्या मधोमध, आणि पिशवीतलं एक झेंडूचं फूल काढून त्याच्या नाकावर टेकवलं. केबिन त्या फुलाखाली झाकून गेली.

“उद्या शेठच्या टेबलावर जानार ना ही?”

“नाही देणार मी आता.”

“दे. शब्द दिलास ना, दे. नल नसला तरी चालंल.” तो गुडघ्यावर हात टेकून उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. “येक काम कर.”

“सांगा ना, दादा.”

“केबिनीत मना बसव.”